हशाचा जमाखर्च

माणसानं वाद कशावर घालावा याला काही धरबंध असावा, असं माझं पूर्वी मत होतं. पूर्वी म्हणजे बँकेत लागण्यापूर्वी. बँकेत लागल्यावर कळलं, की वाद हा चहासारखा असतो. तो कसा आहे यापेक्षा वेळेवर मिळणं महत्त्वाचं. जव्हारच्या आमच्या शाखेत तो दुपारी दोन वाजता, डबे उघडल्याबरोबर मिळतो. जेवणाची ही सुट्टी नियमात बसते की नाही, यावरही एकदा वाद झाला होता. पण तो जेवणाच्या सुट्टीतच झाल्यामुळे अर्धवट राहिला.

तर यंदाच्या पावसाळ्यातला वाद असा होता : 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमाचा सर्वांत चांगला काळ कोणता?

आता तुम्ही म्हणाल, ही काय वादाची गोष्ट झाली! पण वाचकहो, भांडायला विषय मोठा लागतो हा गैरसमज आहे. मोठ्या विषयांवर आपण सभ्यपणे बोलतो, कारण त्यातलं आपल्याला फारसं कळत नाही. विनोदातलं मात्र प्रत्येकाला कळतं. एखाद्याला सांगून पाहा, "तुम्हाला गणित येत नाही." तो हसून कबूल करील. त्यालाच सांगा, "तुम्हाला विनोद कळत नाही." दुसऱ्या दिवशी तो तुमचा धनादेश वटवायचा नाही.

जव्हारकरांना या कार्यक्रमाबद्दल जिव्हाळा असण्याचं एक खास कारण आहे. आमचा पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ रोजी आणि झी मराठीवर हा कार्यक्रम जन्मला १८ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे दोघं एका महिन्याची भावंडं. जिल्हा थोरला, सतरा दिवसांनी. कामाला ठाण्याऐवजी पालघरला जायचं हे अंगवळणी पडायच्या आधीच आम्ही दर सोमवारी आणि मंगळवारी रात्री साडेनऊला थुकरटवाडीला जाऊ लागलो. पालघरला जायला घाट उतरावा लागतो, थुकरटवाडीला जायला चपलाही घालाव्या लागत नव्हत्या. साहजिकच दुसऱ्या गावाशी आमचे संबंध जास्त दृढ झाले.

वादात चार पक्ष होते.

पहिला पक्ष आमच्या हेड कॅशियरसाहेबांचा. हे निवृत्तीला आले आहेत आणि त्यांचं बालपण गिरगावात गेलं आहे. हल्लीच्या कोणत्याही गोष्टीला नाकारण्यासाठी एवढ्या दोन गोष्टी पुरतात. त्यांचं म्हणणं, हा वादच चुकीचा. विनोद एकच होता, तो म्हणजे मुंबई दूरदर्शनवरचा 'गजरा'. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झालं, पुढे विनायक चासकरांनी हा 'गजरा' गुंफला. छोटी छोटी प्रहसनं, एका दोऱ्यात ओवलेली. आणि 'चिमणराव'मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे! "कृष्णधवल होतं, पण विनोद रंगीत होता," असं ते म्हणतात. हे वाक्य त्यांनी आजवर किमान चाळीस वेळा टाकलं आहे. दर वेळी ते आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करतात. हासुद्धा एक अभिनयच आहे.

दुसरा पक्ष माझा. पहिली दोन-तीन वर्षं, म्हणजे खरा सुवर्णकाळ. नीलेश साबळ्यांचं सूत्रसंचालन, भाऊ कदमांची एन्ट्री, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुऱ्यांचं वऱ्हाडी, आणि सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचे तो क्षण. हसून हसून पोट दुखत असतानाच कुणीतरी पाठीवर हात ठेवून गंभीर करावं, तसं ते पत्र यायचं. पुढे शाहरुख खान आला, सलमान खान आला, मंडळी विश्वदौऱ्यावर गेली. माझं म्हणणं, गावातला माणूस विमानात बसला की विनोदाचं वजन जादा होतं आणि ते विमानतळावरच काढून ठेवावं लागतं.

तिसरा पक्ष आमच्या शिपाईमामांचा. त्यांनी २०१८ सालीच पक्षांतर केलं. सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली आणि मामांनी थुकरटवाडीचा दाखला काढून तिकडचा घेतला. समीर चौघुल्यांचं नाव निघालं की मामा हातातला स्टॅम्प खाली ठेवतात. आमच्या शाखेत स्टॅम्प खाली ठेवणं हा सर्वोच्च सन्मान आहे.

चौथा पक्ष आमच्या नव्या बाईंचा. वय वर्षं पंचवीस. त्यांनी यातलं काहीच सलग पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते मोबाइलवर, तीस-तीस सेकंदांचं. "सर, मला सगळेच काळ एकदम दिसतात," असं त्या म्हणाल्या. भगवंतानं अर्जुनाला विश्वरूप दाखवलं तेव्हा अर्जुन घाबरला होता. या बाई डबा खाता खाता ते पाहतात.

वाद पेटला त्याला निमित्तही होतं. मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला. आम्ही रीतसर हळहळलो. मग जुलै २०२५ मध्ये तो पुन्हा आला, सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर, बरीच नवी मंडळी. आणि महाराष्ट्रभर एकच वाक्य घुमलं, "पूर्वीसारखं राहिलं नाही." हे वाक्य फक्त मराठी नाही बरं का! अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' नावाचा असाच कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. तिकडे असलेला माझा भाचा सांगतो, की पन्नास वर्षं झाली तरी तिथले लोक हाच वाद घालतात आणि ज्याला विचारावं त्याचा सुवर्णकाळ तो शाळा-कॉलेजात असतानाच नेमका येऊन गेलेला असतो. आणि इतक्या लांब तरी कशाला जा? आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतो, देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. ऐंशीच्या घरातला एखादा म्हातारा पहाटे घरी परतताना म्हणतो, "पूर्वीचा बोहाडा आता नाही राहिला." मी त्या म्हाताऱ्याच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "माझा आजाही हेच म्हणायचा."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वाद मिटत नसला की मी वही काढतो. मंडळींनी मला पंच नेमलं (मी स्वतः एक पक्ष आहे हे ते विसरले आणि मी आठवण करून दिली नाही) आणि शनिवारी निकाल द्यायचं ठरलं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. पहिलीच चूक सापडली ती आमच्या मूल्यांकनात. जुन्या काळातले आपण फक्त चांगले भाग मोजतो. वाईट भाग स्मरणातून केव्हाच निर्लेखित झालेले असतात. चालू काळातले मात्र चांगले, वाईट आणि जाहिराती, सगळे रोखीनं अंगावर येतात. म्हणजे एका बाजूला निवडलेले तांदूळ आणि दुसऱ्या बाजूला न निवडलेले, आणि आपण म्हणतो, पूर्वी तांदळात खडे नव्हते!

दुसरी गोष्ट जव्हारपुरती आहे, पण महत्त्वाची आहे. आमचा पाऊस सुरू झाला की छपरावरच्या छत्रीचा सिग्नल जातो. आणि तो नेमका विनोदाच्या तोंडाशी जातो. भाऊ कदम तोंड उघडतात, आणि पडद्यावर चौकोन चौकोन. पुढचं वाक्य आम्ही घरी बसून पुरं करायचो. मी एक म्हणायचो, चिरंजीव दुसरं म्हणायचा, आमचे अण्णा तिसरंच. माझ्या सुवर्णकाळातले निम्मे विनोद, वाचकहो, आमच्याच घरी तयार झालेले आहेत. आता इंटरनेटवर सगळे भाग पुरे दिसतात. मुद्दाम तो एक भाग शोधून पाहिला. मूळ वाक्य चांगलं होतं. पण अण्णांचं जास्त चांगलं होतं.

हे मी सौभाग्यवतींना सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "तेव्हा अण्णा होते. आणि हा तुमच्या मांडीवर मावत होता. कार्यक्रमाला कशाला उगाच नावं ठेवता?"

बायकोनं एका वाक्यात निकाल लावला, की वही मिटायची असते. मी मिटली नाही. कारण द्विनोंदी पद्धत मला गप्प बसू देत नव्हती. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, एक नावे आणि एक जमा. हशाचंही तसंच. एक हसवणारा, एक हसणारा. हशा कमी झाला तर चूक हसवणाऱ्याच्याच पानावर आहे असं आपण का धरून चालतो? कदाचित आमचंच पान घसाऱ्याला लागलं असेल. यंत्राला घसारा लावतात, फर्निचरला लावतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रेक्षकाला का लावू नये?

इथपर्यंत तेरीज जुळत आली होती. निकालपत्राचा मसुदाही तयार झाला होता : 'प्रत्येकाचा सर्वोत्तम काळ हा त्याच्या घरातली माणसं पुरी असण्याचा काळ होय.' वाक्य बरं होतं. हेड कॅशियरसाहेबांनी चाळीस वेळा टाकावं असं होतं.

पण शुक्रवारी एक नोंद अशी आली, की सगळा ताळेबंद कोलमडला.

त्यासाठी मला एक कबुली द्यावी लागेल. आमच्या शाखेतला भाऊ कदम मीच आहे. गॅदरिंग असो, निरोप समारंभ असो, नाही तर नुसतीच जेवणाची सुट्टी असो, मी नकला करतो. व्यवस्थापकांची करतो (ते रजेवर असताना), ऑडिटरची करतो (तो घाट उतरल्यावर), आणि माझी सर्वांत गाजलेली नक्कल म्हणजे 'आजीचा अंगठा'. पाड्यावरून एक म्हातारी येते. काउंटर तिच्या नाकापर्यंत, पिशवीत पिशवी, तिच्यात पासबुक. अंगठा यंत्रावर टेकवायचा तर ती बोट पदराला पुसते, पुन्हा टेकवते, यंत्र 'नाही' म्हणतं, ती यंत्रालाच समजावते. हे सगळं मी टॉवेलचा पदर करून करतो. हशा हमखास. नव्या बाईंनी त्याचा मोबाइलवर तीस सेकंदांचा ऐवजही करून ठेवला होता.

ही म्हातारी काल्पनिक नाही. श्रावणबाळ योजनेचे तिचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट यायचे होते आणि येत नव्हते. ती त्यासाठी जीपनं, दाटीवाटीनं बसून यायची. एकदा आली, सर्व्हर डाऊन. पुन्हा आली, सर्व्हर डाऊन. हे दोन्ही वेळा खरं होतं, हे मी शपथेवर सांगतो. सर्व्हर आणि छत्री यांचं आमच्याकडे एकच गोत्र आहे. तिसऱ्यांदा आली तेव्हा दोन वाजले होते. मी म्हटलं, "आजी, जेवणाची सुट्टी. बाहेर बसा." आणि आत जाऊन टॉवेल डोक्यावर घेतला.

अडीचला बाहेर आलो तर ती निघून गेली होती. परतीची जीप चुकली असती तर मुक्कामच पडला असता.

तर शुक्रवारी मी चहा घ्यायला मागच्या दारानं बाहेर पडलो. बँकेच्या पायऱ्यांवर सात-आठ बाया बसल्या होत्या. कोणी लाडकी बहीण योजनेच्या चौकशीला, कोणी रोजगार हमीच्या. आणि मधोमध आमची आजी. तिनं डोळ्यांवर नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. नसलेल्या कीबोर्डवर एकाच बोटानं, कोंबडी दाणे टिपते तसं, टक टक केलं. मान उजवीकडे वळवून पडद्याकडे पाहिलं, ओठ काढले, टक्कल गोंजारलं. मग एक मोठा सुस्कारा. आणि घसा खाकरून, अगदी माझ्याच खर्जात : "सर्वर... डाऊन." लगेच नसलेला चहाचा पेला उचलून फुर्र. "उद्या ये."

बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. एक तर पायरीवरून सरकून खाली आली.

वाचकहो, मी आजवर 'चला हवा येऊ द्या'चे शेकडो भाग पाहिले आहेत, 'हास्यजत्रा' चोरून पाहिली आहे. पण टकलावरून हात फिरवण्याआधी मी ओठ काढतो, हे मला त्या दिवशी कळलं. सौभाग्यवतीला विचारलं, ती म्हणाली, "वीस वर्षं."

तेवढ्यात आजीचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती दचकली नाही, लाजली नाही. थोडी सरकून तिनं पायरीवर जागा केली आणि म्हणाली, "बस दादा. तुझंच चाललंय."

मी बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि बसल्या बसल्या, सवयीनं, हिशेब करू लागलो. तिनं माझी नक्कल केली, मी तिची करत होतो. नावे आणि जमा, फिटंफाट. पण फिटत नव्हतं. तिच्या नकलेनं माझे कान लाल झाले. खर्च एवढाच, आणि तोही संध्याकाळपर्यंत उतरला. माझी नक्कल चालू होती तेव्हा तिच्या तीन जाण्यायेण्यांचं जीपभाडं गेलं होतं आणि तिसऱ्या खेपेला तर तिच्या कामाची अर्धा तास मी नक्कलच करत होतो. आणखी एक बारीक फरक होता, आणि तो मला जास्त लागला. तिनं केलेला मी हुबेहूब मीच होतो. मी केलेली ती मात्र ती नव्हतीच. वीस वर्षं या काउंटरवर वारली, कोकणा, कातकरी माणसांचं बोलणं ऐकतो आहे. तरी टॉवेल डोक्यावर घेतला की माझ्या तोंडून जी भाषा निघते, ती यांच्यातल्या कोणाचीच नाही. ती थेट दूरचित्रवाणीवरून, छत्रीमार्गे माझ्या तोंडात आलेली आहे. पडद्यावरच्या खेडवळ माणसाची मी नक्कल करतो आणि समोरच्या बाईचं नाव लावतो. बँकेच्या भाषेत याला दुसऱ्याच्या खात्यावर परस्पर नावे टाकणं म्हणतात. त्यावर चौकशी बसते.

मी आत गेलो. आजीचं पासबुक घेतलं. आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक होता. दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला, अंगठा घेतला, बाकीचं जोडलं. घड्याळ पाहिलं. सात मिनिटं. 'आजीचा अंगठा' हा प्रयोग नऊ मिनिटांचा आहे.

शनिवारी निकाल होता. डबे उघडले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, काळ कोणता चांगला हा प्रश्न मी सस्पेन्स खात्यात टाकला आहे. त्याऐवजी एक साधी कसोटी सांगतो. ज्याच्यावर हसायचं, तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना ते प्रहसन करता येईल का? येत असेल तर तो कार्यक्रमाचा चांगला काळ. मग तो २०१४चा असो, 'गजऱ्या'चा असो नाही तर गेल्या आठवड्याचा."

हेड कॅशियरसाहेब म्हणाले, "म्हणजे नकला बंद? मग हसायचं कशावर? विनोद म्हटला की कोणाला तरी थोडं लागणारच."

हा प्रश्न मला रात्रभर पडलेला होता आणि तो खोटा नाही. कोणालाच न लागणारा विनोद सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा, कोणी नको म्हणत नाही आणि कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. आमच्या तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्याही काही सोवळा नव्हता. पण तो टर उडवायचा राजाची, प्रधानाची, हवालदाराची. ज्यांच्या हातात त्याचं काही ना काही अडकलेलं असायचं त्यांची. मी ज्यांची टर उडवत होतो, त्यांचं माझ्या हातात अडकलं होतं. दिशा तेवढी उलटी होती. आणि पोस्टमनच्या पत्रानं आम्ही गप्प का व्हायचो, तेही मला त्यातून थोडं उमगलं. बाकी वेळ आम्ही दुसऱ्यावर हसत असू. पत्राचा पत्ता मात्र आमचा असायचा.

"तुमचं बरोबर आहे," मी साहेबांना म्हणालो. "लागणारच. फक्त लागल्यावर त्याला उलट मारता आलं पाहिजे."

"आणि थुकरटवाडी?" शिपाईमामांनी विचारलं.

"तिथे ते एकमेकांनाच मारत होते. म्हणून तर बरं वाटायचं."

"तुम्ही अण्णांमुळे म्हणता," नव्या बाई म्हणाल्या. सौभाग्यवतीचा आणि यांचा मोबाइलवर संपर्क आहे, हे मला तेव्हा कळलं.

"त्यामुळेही म्हणतो," मी म्हटलं. हिशेबात दोन कारणं एकदम असू शकतात.

मग मंडळींनी आग्रह केला, निकाल झाला, आता नक्कल होऊ द्या. मी टॉवेल बाजूला ठेवला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. एका बोटानं टक टक केलं, ओठ काढले, टकलावरून हात फिरवला. "सर्वर... डाऊन." आणि फुर्र.

हेड कॅशियरसाहेबांना ठसका लागला. नव्या बाईंनी मोबाइल काढायच्या आधीच डोळे पुसले. शिपाईमामांनी हातातला स्टॅम्प खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, काही म्हणा, तुमचा हाच काळ सर्वांत चांगला."

मी मान तुकवून कौतुक स्वीकारलं. कल्पना, संवाद आणि दिग्दर्शन दुसऱ्या कोणाचं होतं, हे सांगायचं राहून गेलं. तेवढी एक नोंद अजून व्हायची आहे. आजी पुढच्या महिन्यात पैसे काढायला येईल, तेव्हा करीन म्हणतो. सर्व्हर चालू असला तर.